पाठमोऱ्या खुर्चीतलं उड्डाण

माणसाचं तोंड समोरून बघायची ज्याला सवय लागली, त्याचं डावं-उजवं कायमचं बदलतं. कवळीवाल्यांचं तसंच झालं होतं. दातांचा डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचा आणि कवळीवाले आपल्या खोलीत खिडकीपाशी बसून त्यावरून कवळी घडवायचे. टेबलावरचा प्लास्टरचा जबडा त्यांच्याकडे तोंड करून बसलेला असे. त्याची उजवी दाढ म्हणजे यांच्या डाव्या हाताची. सारा जन्म हेच केल्यामुळे ते घराबाहेरही तसेच वागायचे. कुणी रस्ता विचारला तर स्वतःचा डावा हात करून त्याला "उजवीकडे वळा" म्हणायचे, आणि तो माणूस बरोबर पोचायचा. स्वतःच्या घरात मात्र दिव्याचं बटण शोधताना ते भलतीच भिंत चाचपत राहायचे.

त्यांना खरं नाव होतं, पण ते पोस्टमनपुरतं. बाकी सगळ्यांना ते कवळीवाले. माणूस भला, खोड एकच, लुडबुडीची. दुसऱ्याच्या हातातलं काम त्यांना बघवत नसे. बायकोने कुलूप लावलं की हे ते काढून पुन्हा लावणार. शेजारी स्क्रू पिळत असला की यांच्या हाताला खाज सुटणार. "जरा बघू" हे त्यांचे लाडके शब्द. ते कानावर पडले की समोरचा माणूस हातातली वस्तू पाठीमागे लपवायचा.

हात बांधलेले असले तर लुडबुड तोंडाने व्हायची. एकदा सलूनमध्ये मानेभोवती कापड गुंडाळून बसले असताना त्यांनी सलूनवाल्याला विचारलं, "तुम्ही सारखे आरशात बघून कापता. डावं-उजवं उलटं होत नाही का हो?" सलूनवाल्याच्या डोक्यात हा प्रश्न जन्मात कधी आला नव्हता. तो कात्री हवेत धरून विचार करायला लागला, आणि विचार करता करता त्याने कवळीवाल्यांचा डावा कल्ला मुळापासून उडवला. पुढे कित्येक दिवस कवळीवाले एका बाजूने साधू आणि एका बाजूने संसारी दिसत होते.

हाच सलूनवाला आपल्या गोष्टीत पुढे लागणार आहे, म्हणून त्याचं टोपणनाव सांगून ठेवतो. त्याला वस्तरा म्हणत. हे नाव त्याच्या धंद्यावरून पडलं नव्हतं. तो रिमोटवरचं विमान इतकं खालून न्यायचा की मैदानातलं गवत भादरलं जायचं, म्हणून.

गावाबाहेर बंद पडलेल्या वीटभट्टीमागे मोकळं मैदान होतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी तिथे ही विमानवेडी मंडळी जमायची. कवळीवाले त्यातले जुने. विमान बांधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण उडवण्यात त्यांची गत निराळी होती. विमान आपल्यापासून लांब जात असतं तोवर त्याचं उजवं ते आपलं उजवं. ते वळून आपल्याकडे यायला लागलं की सगळं उलटं होतं आणि भल्याभल्यांची बोटं गोंधळतात. कवळीवाल्यांचं याच्या बरोबर विरुद्ध. विमान तोंडावर चालून येत असलं की त्यांच्यासारखा गडी नाही, कारण तो त्यांच्या ओळखीचा जबडाच की. पण विमानाने पाठ फिरवली रे फिरवली की हे बावचळायचे. "कवळीवाल्यांची विमानं येतात फार छान," मंडळी म्हणायची, "त्यांना आधी जायला जमलं पाहिजे." बहुतेक विमानं मैदानापलीकडच्या काटेरी झुडपांत जायची आणि तिथून पिशवीत भरून यायची.

त्यानंतर त्यांनी मोठं विमान हातात घेतलं. लहानाने जमत नाही म्हणून माणूस मोठ्याला हात घालतो, तसलाच हा प्रकार. जुन्या लढाईतल्या एकट्या वैमानिकाच्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती, पुढे खरं पेट्रोल पिणारं इंजिन, पोटात दुमडली जाणारी चाकं. पंख एवढे लांब की मागच्या खोलीतला पाहुण्यांचा पलंग मोडून बाहेर काढावा लागला. पलंग गेला तसे पाहुणेही यायचे बंद झाले, त्यामुळे बायकोने फारशी कुरकुर केली नाही. कित्येक वर्षं त्या खोलीतून घासण्याचे आवाज येत राहिले.

काचेच्या टोपणाखाली बसायला वैमानिक हवा. लोक रबरी बाहुला आणून बसवतात. कवळीवाल्यांनी प्लास्टरचं डोकं घडवलं आणि त्यात दात बसवले. सगळे, अक्कलदाढांसकट, ज्या कुणाला कधी दिसणार नव्हत्या. एवढे दात बसवले तर तोंड मिटून कसं चालेल, म्हणून वैमानिक कानापर्यंत हसत होता.

"लढाईवर निघालाय ना हा?" बायकोने विचारलं. "मग इतका खूश का?"

"दात चांगले आहेत त्याचे," कवळीवाले म्हणाले.

आता मैदानावरचा एक रिवाज सांगायला हवा, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. बांधणाऱ्याचे हात पहिल्या दिवशी थरथरतात, म्हणून नव्या विमानाचं पहिलं उड्डाण परक्या हातांनी व्हायचं, आणि ते हात वस्तऱ्याचे. हे पूर्वीपासून होतंच. त्यात खुर्चीची भर पडली ती कवळीवाल्यांमुळे. मागे एकदा वस्तरा यांचं एक विमान उडवत असताना हे "जरा बघू" म्हणाले आणि त्यांनी रिमोटला हात घातला. एका रिमोटला दोन माणसं झोंबलेली, वर विमान बेवारस. ते थेट हेडसरांच्या स्कूटरवर येऊन पडलं. हेडसर म्हणजे निवृत्त हेडमास्तर, मैदानाचे सर्वेसर्वा, गळ्यात कायम शिट्टी. त्यांनी त्याच दिवशी नियम केला. पहिल्या उड्डाणाच्या वेळी बांधणाऱ्याने मैदानाकडे पाठ करून खुर्चीत बसायचं. घरचं एक माणूस शेजारी उभं राहून काय चाललंय ते सांगेल. विमान उतरेपर्यंत मान न वळवता बसला, तर दुसरं उड्डाण त्याचं. वळला किंवा उठला, तर वर्षभर रिमोटला हात नाही.

"मला एकदाच ते माझ्या हाताने वर न्यायचंय आणि अख्खं खाली आणायचंय," कवळीवाले एकदा जेवताना बायकोला म्हणाले. "आजवर अख्खं असं काही मी घरी आणलेलंच नाही गं. ते जमलं नाही तर मी आपला नुसता सुतार."

बायकोने ताटातून मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. ती बसस्थानकावर निवेदिका होती. कोणती गाडी कोणत्या फलाटावर, कोणती उशिरा, हे दिवसभर माइकवरून सांगायचं काम. तो आवाज ती घरीही आणायची. "जेवण तयार आहे. जेवणाऱ्यांनी कृपया हात धुऊन घ्यावेत," असं स्वयंपाकघरातून यायचं. कवळीवाल्यांना त्या आवाजाची नस ठाऊक होती. सगळं सुरळीत असलं की आवाज कंटाळलेला. गाडी घाटात बंद पडली, चालक सापडत नाही, प्रवासी खवळलेत, असं काही असलं की तोच आवाज मधासारखा गोड व्हायचा. बायको गोड बोलली की कवळीवाले समजायचे, काहीतरी बिघडलंय.

"मी येईन शेजारी उभी राहायला," ती कंटाळून म्हणाली, आणि कवळीवाल्यांना बरं वाटलं.

मग विमानाची जुळवाजुळव सुरू झाली. आधी तोल. पंखांखाली दोन्ही बाजूंनी बोटांची टोकं लावून विमान उचलायचं, ते आडवं राहिलं पाहिजे. एका पंखाखाली हे, दुसऱ्याखाली ती, आणि खाली खबरदारी म्हणून पाहुण्यांची गादी. विमानाने शेपूट टेकली. हेडसरांचं म्हणणं असं की नाक जड असलेलं विमान आळशी होतं आणि शेपूट जड असलेलं वेडं होतं. हे वेडं होणार होतं, आणि कारण काचेखाली दात काढून हसत होतं.

"डोकं आतून पोकरा की त्याचं," बायको म्हणाली.

"पोकरलं तर अक्कलदाढा कशात राहतील?"

कवळीवाल्यांनी आपली बाजू स्टुलाच्या काठावर टेकवली आणि नाकात शिशाचे तुकडे भरायला घेतले. एक टाकला, मागे होऊन बघितलं, एक काढला, बारीक करून पुन्हा टाकला. बायको बोटांवर पंख तोलून उभीच.

"सूचना," थोड्या वेळाने ती म्हणाली. "उजव्या पंखाखालच्या बाईंना शिंक येत आहे. संबंधितांनी त्वरित संपर्क साधावा."

संबंधितांनी उडी मारून पंख धरला तेव्हा शिंक आली, आणि शिंकेबरोबर एक अक्कलदाढ पडल्यासारखा आवाजही आला. पण तो शिशाचा तुकडा निघाला.

मग रिमोटचा पल्ला तपासायचा होता. रिमोट लांब नेला तरी विमानाने ऐकलं पाहिजे. बायको रिमोट घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि हे खोलीत विमानापाशी बसले. ठरल्याप्रमाणे शेपटीचं सुकाणू डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं. मग जे हलायला लागलं ते थांबेचना. डावं, उजवं, डावं, मध्येच एक जोराचा फटकारा, थोडी शांतता, पुन्हा तावातावाने डावं-उजवं.

ती परत आली तेव्हा त्यांनी विचारलं, "कुणाशी वाजलं का तुझं?"

"शिवणवाल्या बाईंशी. बाह्या आखूड करून ठेवल्यात तिने. तुम्हाला कसं कळलं?"

"शेपटीवरून," ते म्हणाले.

शेवटचं काम पंखांच्या पट्ट्यांचं. पंखाच्या मागच्या कडेला एकेक हलती पट्टी असते. रिमोटची दांडी उजवीकडे केली की विमानाच्या उजव्या पंखाची पट्टी वर उचलली पाहिजे, म्हणजे तो पंख खाली झुकतो आणि विमान उजवीकडे वळतं. उलटी जोडणी झाली तर तुम्ही उजवीकडे म्हणाल आणि विमान डावीकडे जाऊन जमिनीत घुसेल. एवढी एक चूक विमान मारायला पुरते.

कवळीवाल्यांनी विमानाचं नाक आपल्याकडे करून ठेवलं होतं, पेशंट खुर्चीत बसवावा तसं. त्यांच्या जुन्या सवयीने विमानाचा उजवा पंख त्यांनी आपल्या डाव्या हाताला धरला असता आणि सगळं बिनचूक झालं असतं. पण आदल्याच दिवशी हेडसर बजावून गेले होते, "हे बघा, तुमची ती दातांची सवय विमानाला लावू नका. त्यानेच तुमची विमानं झुडपात जातात. उजवं म्हणजे उजवं." हेडसरांचा शब्द कवळीवाल्यांनी मनावर घेतला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सवय मोडली, ती नेमकी जिथे मोडायला नको होती तिथे.

बायको शेपटीमागे उभी होती. हे म्हणाले, "दांडी उजवीकडे करतोय. उजवी पट्टी वर गेली का बघ."

"तुमची उजवी की माझी?"

"उजवी म्हणजे उजवी," कवळीवाले हेडसरांच्या सुरात म्हणाले, आणि आपल्या उजव्या हाताची पट्टी वर गेलेली बघून त्यांनी समाधानाने मान हलवली. बायकोने खांदे उडवले. तिला ड्यूटीवर जायला उशीर होत होता.

उड्डाणाच्या सकाळी वारा बेताचा होता. कवळीवाल्यांनी पंख लावले, इंजिन दोनदा सुरू करून बंद केलं, वैमानिकाचे दात रुमालाने पुसले. हेडसर मैदानात घुसलेल्या बकऱ्या हाकलत होते, म्हणून उड्डाणाआधीची तपासणी एकट्या वस्तऱ्याने केली. विमान मंडळींकडे तोंड करून उभं होतं. वस्तरा त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. समोरचा चेहरा आरशातलाच समजायची त्याची तीस वर्षांची सवय. त्याने दांडी उजवीकडे केली, त्याच्या उजव्या हाताची पट्टी वर गेली.

"बरोब्बर," वस्तरा म्हणाला. "बसा कवळीवाले, मांडा ठाण."

खुर्ची मैदानाच्या कडेला असलेल्या शेडच्या भिंतीकडे तोंड करून मांडलेली होती. कवळीवाले बसले. समोर पत्र्याची भिंत, तिच्यावर एक पाल. बायको त्यांच्या खांद्याशी, पण मैदानाकडे तोंड करून उभी राहिली, त्यामुळे दोघं उलट दिशांना बघत होती. मागे इंजिन सुरू झालं. तो आवाज कवळीवाल्यांनी ओळखला आणि त्यांच्या पायाचे अंगठे बुटात वळले.

"विमान फलाटावरून निघालं आहे," बायको कंटाळलेल्या आवाजात म्हणाली. "वेग घेत आहे. शेपूट उचलली आहे. चाकं सुटली. विमान वर गेलं आहे."

कवळीवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाल तशीच होती.

आणि मग बायको बोलली, इतकं गोड की शेडमागच्या शेवग्यावरचा कावळाही भाळला असता. "प्रवाशांनी काळजी करू नये. विमान आपल्या नियोजित मार्गावर आहे."

कवळीवाल्यांनी तो गोडवा ओळखला. "काय झालं?"

"काही अपरिहार्य कारणामुळे विमान डावीकडे झुकलं होतं. आता ते सरळ आहे."

"अगं, खरं सांग."

बायको वाकली आणि तोच मध त्यांच्या कानात ओतत हळूच म्हणाली, "तुम्हाला आठवतं, मी विचारलं होतं, तुमची उजवी की माझी?"

कवळीवाल्यांना सगळं लख्ख दिसलं. खोली, आपल्याकडे नाक केलेलं विमान, वर गेलेली पट्टी. पट्ट्या उलट्या जोडल्या होत्या. विमान आकाशात होतं आणि त्याला डावं-उजवं उलटं कळत होतं. त्यांचे हात खुर्चीच्या कडेला गेले आणि ते उठायच्या बेतात आले.

"बसा," बायको म्हणाली. "तो उडवतोय."

"कसा काय?"

"मला काय माहीत. आधी त्याने दांडी उजवीकडे केली, विमान डावीकडे कललं, आणि त्याचा हात आपसूक फिरला. आता शीळ घालतोय."

खरंच शीळ ऐकू येत होती. केस कापताना वस्तरा तीच शीळ घालायचा. आरशात बघून कानामागचे केस काढणाऱ्या माणसाचा हात विचार करत बसत नाही. कात्री नको तिकडे वळली की हात मुकाट्याने दुसरीकडे वळतो, आणि मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. वस्तऱ्याला काही कळलेलंच नव्हतं. तो उलट्या विमानाला सरळ वळणं देत मजेत उभा होता.

तेवढ्यात हेडसर बकऱ्या सोडून धावत आले. त्यांना कळलं होतं. "अहो, पट्ट्या उलट्या आहेत. सांगायला हवं त्याला," ते म्हणाले आणि शिट्टी तोंडापर्यंत नेली.

कवळीवाल्यांनाही तेच वाटत होतं. जिभेच्या टोकावर आलं होतं, "वस्तरा, उलटं आहे." एवढं महत्त्वाचं सांगण्यासारखं त्यांच्याकडे आयुष्यात कधी आलं नव्हतं. आणि त्याच क्षणी त्यांचा हात नकळत डाव्या कल्ल्यावर गेला, जो वस्तऱ्याने मागे मुळापासून उडवला होता. ते मागे एकदाच बोलले होते. वस्तरा विचार करायला लागला होता.

"सर," ते भिंतीकडे बघत हळूच म्हणाले, "शिट्टी नको. सांगू नका त्याला. विचार करायला लागेल तो."

"पण नियम आहे..."

"शिट्टीधारकांना विनंती आहे," बायको त्यांच्याकडे वळून मधाळ आवाजात म्हणाली, "की त्यांनी शिट्टी खिशात ठेवावी." बसस्थानकावर अख्खी गर्दी ज्या आवाजाने रांगेत उभी राहायची, त्याच्यापुढे हेडसरांचं काय चालणार. शिट्टी खिशात गेली.

मग कवळीवाल्यांनी जे केलं ते करायला त्यांचा सगळा जन्म विरोधात होता. ते गप्प बसले. पाठ मैदानाकडे, हात मांडीखाली दाबलेले, दातांत रुमाल. मागे त्यांचं इतक्या वर्षांचं काम एका शिळेच्या सुरावर तरंगत होतं, आणि त्यांना फक्त भिंत आणि पाल. बायको सांगत राहिली. विमान वीटभट्टीवरून वळलं. विमान परत येत आहे. गोड, फार गोड. शीळ मध्येच थांबली तेव्हा कवळीवाल्यांनी रुमाल आणखी करकचून चावला. वस्तऱ्याने एक खाकरा काढला आणि शीळ पुन्हा सुरू झाली.

"विमान उतरत आहे," बायको म्हणाली. "खाली. अजून खाली. गवत भादरलं जात आहे." आणि मग एकदम कंटाळलेल्या, भाजी निवडताना असतो तसल्या आवाजात, "विमान फलाटावर लागलं आहे."

त्या कंटाळ्याइतकं गोड कवळीवाल्यांनी काही ऐकलं नव्हतं. त्यांनी रुमाल तोंडातून काढला. त्याला भोकं पडली होती.

वस्तरा रिमोट हातात देत म्हणाला, "एकदम सरळ विमान. कसली म्हणून खोड नाही." कुणी त्याला काही सांगितलं नाही. हेडसर दुसरीकडे बघत खोकले आणि म्हणाले, "कवळीवाले, खुर्ची सोडा. पुढचं उड्डाण तुमचं."

कवळीवाल्यांनी रिमोटवरचं एक बारीक बटण फिरवलं, त्याने पट्ट्यांची दिशा सुलटी झाली. मग विमानाच्या मागे उभं राहून, शेपटीकडून, दोनदा तपासलं. आता विमान सरळ होतं, म्हणजे त्यांच्यासाठी वाईटच. आता ते पाठ फिरवून जाणार होतं, आणि पाठ फिरवलेलं विमान म्हणजे झुडूप.

"मला जाताना जमत नाही," ते बायकोला म्हणाले. "माझं उजवं कुठलं तेच कळेनासं होतं."

बायको येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली, खांद्याला खांदा लावून. या वेळी ती त्याच दिशेला बघत होती.

"आता तुमची उजवी आणि माझी उजवी एकच आहे," ती म्हणाली, साध्या आवाजात. "त्या विमानाचीही तीच. जाऊ द्या त्याला."

विमान धावलं, उठलं आणि मंडळींकडे पाठ करून निघालं. वाऱ्याने डावा पंख खाली दाबला. कवळीवाल्यांचा अंगठा सवयीने भलतीकडे निघाला, आणि बायकोच्या उजव्या खांद्याने त्यांना हलकेच ढकललं, तसा तो परत फिरला. पंख सरळ झाला. विमान वीटभट्टीवरून वळलं आणि त्यांच्याकडे तोंड करून यायला लागलं. मग काय, तो ओळखीचा जबडाच होता. ते इतकं खालून गेलं की काचेखालचं हसू सगळ्यांना दिसलं.

उतरताना मात्र घाई झाली. चाकं आपटली, विमान बेडकासारखं दोन उड्या मारून थांबलं, आणि आतून काहीतरी खडखडलं. मंडळी धावली. पंख शाबूत, शेपूट शाबूत, चाकं, पंखा, इंजिन सगळं जागच्या जागी. कवळीवाल्यांनी काचेचं टोपण काढलं. वैमानिकाचा समोरचा एक दात निखळून त्याच्या मांडीत पडला होता, आणि तरी तो हसतच होता.

"काय मोडलं?" बायकोने विचारलं.

"काही नाही," कवळीवाले म्हणाले. ते रडत होते आणि हसतही होते, त्या वैमानिकाला शोभेल असे. "एवढंच ना. हे माझंच काम आहे."

मंडळींनी आग्रह केला म्हणून तिसऱ्या उड्डाणाला वस्तऱ्याने विमान वर नेलं आणि वर जाताच ते असं डगमगलं की त्याने मुकाट्याने उतरवून घेतलं. "कवळीवाले, राग मानू नका," तो म्हणाला, "पण तुमचा हात लागला आणि विमान बिघडलं." कवळीवाले म्हणाले, "असेल बुवा." एवढं कमी बोलल्याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

संध्याकाळी ते खिडकीपाशी वैमानिकाचं डोकं पुढ्यात घेऊन बसले. चिमट्यात दात धरला, हिरडीला गुलाबी मसाला लावला, तोच बायको मागून आली.

"जरा बघू," ती म्हणाली.

कवळीवाल्यांचा हात सगळ्यांसारखाच पाठीमागे जायला निघाला. मग त्यांनी चिमटा तिच्या हातात दिला आणि खुर्चीवर जागा करून दिली. ती डोक्यासमोर वाकली.

"उजवीकडचा ना? तुमचा की माझा?"

"त्याचा," कवळीवाले म्हणाले.

दात तिने बसवला तो जरा तिरका बसला. इतका की कुठल्याही पेशंटने कवळी परत पाठवली असती. कवळीवाल्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि दात वाळेपर्यंत ते तसेच बसून राहिले.